फरशीवरची पहिली ओळ

१

दुपारची जेवणं उरकली, खरकटं निघालं, सासूबाई माजघरात चटईवर आडव्या झाल्या आणि लेक दत्तू वाकळेवर झोपला, की शामला सोप्याच्या फरशीवर प्राण्यांच्या जाती जगवायला आणि मारायला बसायची.

नळदुर्गातल्या बाकीच्या बायका त्या वेळी शेवया वळायच्या, नाहीतर एकमेकींच्या सुनांबद्दल बोलायच्या. शामलाच्या वाट्याला हे काम आलं होतं. मॅट्रिकपर्यंत शिकल्याचा एवढाच उपयोग व्हायचा असेल, तर तोही काही कमी नाही, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. समजूत घालण्यात ती तरबेज होती. दाराची कडी लावली का, हे दोनदा उठून बघणाऱ्या माणसाला तेवढं जमावंच लागतं.

राघवेंद्र, तिचा नवरा, हायस्कुलात गणित शिकवायचा. हैदराबादेत शिकत असताना एका प्राध्यापकानं त्याच्या डोक्यात एक प्रश्न सोडून दिला होता आणि तो काही केल्या बाहेर निघत नव्हता; आता त्यावरच तो प्रबंध लिहीत होता. पृथ्वीवर जेवढ्या जाती झाल्या त्यातल्या बहुतेक संपल्या; त्या कशानं? राघवेंद्रच्या आजोबांनी इथल्याच माळावर चित्ता पाहिला होता. वडिलांनी त्याची नुसती गोष्ट ऐकली. राघवेंद्रनं फक्त चित्र पाहिलं. लोक म्हणायचे शिकारीनं गेला, दुष्काळानं गेला. राघवेंद्रचं म्हणणं, मारायला कुणी लागतच नाही. कवडी पुरते.

ती कवडीच शामलाच्या हातात असायची. तुळजापूरहून आणलेल्या ओंजळभर कवड्या त्यानं सगळी सुट्टी टाकटाकून पाहिल्या होत्या. त्यातली एकच निम्म्या वेळा तोंड वर आणि निम्म्या वेळा तोंड खाली पडणारी निघाली. बाकीच्या पक्षपाती. एका भिंतीलगतच्या प्रत्येक फरशीवर ज्वारीचा एक दाणा मांडायचा; तिथून समोरच्या भिंतीकडं त्याची ओळ सुरू. एक दाणा म्हणजे एक जात, पुढची एकेक शहाबादी फरशी म्हणजे एकेक युग. प्रत्येक दाण्यासाठी कवडी टाकायची. तोंड वर पडलं तर पुढच्या फरशीवर दोन दाणे ठेवायचे, म्हणजे त्या जातीला फांदी फुटली. खाली पडलं तर पुढची फरशी रिकामी. जात संपली. तिसरं काही नाही.

त्या दिवशी एक ओळ चांगली फोफावली, खिडकीखाली दाण्यांची नुसती गर्दी झाली आणि मग तीही दोन फरश्यांत फटाफट संपली. शामला कंबर सरळ करायला उठली. उभ्यानं खाली पाहिलं.

माजघराच्या दाराशी सुरू होणारी सगळ्यात पहिली ओळ संपलेली नव्हती. ती फरशीमागून फरशी समोरच्या भिंतीपर्यंत गेली होती. प्रत्येक फरशीवर एक दाणा. पुन्हा एक. पुन्हा एक.

दोन असायला हवे होते, नाहीतर एकही नको होता. एक हा त्या खेळात नव्हताच.

२

"चुकलं असेल माझंच," असं म्हणत तिनं केरसुणीनं सगळं गोळा केलं. चुकण्याची तिला सवय होती. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. बाकीच्या ओळी जगायच्या, फुटायच्या, मरायच्या. पहिली मात्र अंगणातल्या दोरीसारखी सरळ, एकटी, भिंतीला जाऊन भिडलेली.

संध्याकाळी राघवेंद्र शाळेतून आला. चहाची कपबशी घेऊन तो उंबऱ्यावर बसला, वाटीतले ज्वारीचे दोन कच्चे दाणे तोंडात टाकले आणि कडकन फोडले. विचार करताना त्याला ते लागायचंच.

"आज किती मेल्या?"

"असं बोलू नका हो तिन्हीसांजेला. आणि दाणे नका खाऊ, उद्या मांडायचेत."

"बरं. किती संपल्या?"

"शेवटी संपतातच का हो सगळ्या?"

"निम्मं-निम्मं असलं की संपतात. कुणी दोन फरश्यांत, कुणी वीस. गणित सरळ आहे." त्याचा चेहरा उजळला. दुसऱ्या माणसाला ज्यानं भीती वाटावी त्यानं त्याला हुरूप यायचा. "गंमत काय, की त्यात दोष कुणाचाच नाही. आता आमचंच घे. आईला चार मुलं झाली, तीन गेली, मी राहिलो. गावात बायका काय काय म्हणायच्या! कुणी नजर लावली, कुणी करणी केली. अगं, कवडी उलटी पडली, बस. मला तर फार बरं वाटलं हे कळल्यावर."

शामलाचा हात पोटावर गेला. चौथा महिना सरत आला होता. आत अजून काही हालत नव्हतं; नुसतं एक जड, मुकं असं काहीतरी होतं. वाकळेवर दत्तू पालथा पडून स्वतःच्या मुठीशी बोलत होता. वर्षाचा व्हायचा होता.

हे दोन, ती मनात म्हणाली. मला दोन्ही हवीत. एवढं एक गणित माझ्या मनासारखं सुटू दे.

पहिल्या ओळीचं तिनं त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, तुझं लक्ष नसतं. आणि ते खरं असण्याची शक्यता बरीच होती.

३

उलगडा झाला तो धुरपदाबाईमुळं, म्हणजे धुरपदाबाईला काहीही न कळता. ती वाट्यानं त्यांचं रान करायची. ज्वारीचं पोतं गड्याच्या डोक्यावरून सोप्यात उतरवून घेतलं आणि फतकल मारून पायलीनं मोजायला बसली.

"लाभ... दोन... तीन..."

मोजता मोजता तिचं लक्ष फरशीकडं गेलं. "का वो मास्तरीनबाई, जवारी फरशीवर पेरायली व्हय? उगवल का तितं?"

"तुमच्या मास्तरांची प्रयोगशाळा आहे ती."

"आसंल. शिकल्याली मान्सं, काय बी करतेत. आमी अडानी, आमी आपलं मातीत टाकताव." आणि पायली भरभरून ओतत, "चार... पाच... आता ह्यो दुसरा पाळना लई लवकर बांधायलाव म्हना की!"

शामला लाजली, हसली, आणि मधेच थांबली.

लाभ. तामलवाडीला तिच्या माहेरच्या खळ्यावर पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नसे. पहिलं माप लक्ष्मीचं. ते मोजायचं नाही, त्याला लाभ म्हणायचं आणि पुढं दोनापासून सुरू करायचं. लहानपणापासून ती तसंच मोजत आली होती. बटाटे मोजताना, पोळ्या मोजतानासुद्धा. म्हणजे फरशीवर प्रत्येक युगाच्या वेळी ओळी मोजताना पहिल्या ओळीला ती पुटपुटत असणार, "लाभ", आणि कवडी न टाकताच एक दाणा पुढं ठेवून दुसऱ्या ओळीकडं वळत असणार. हात आपला आपणच ते करत होता.

रात्री जेवताना तिनं सांगितलं तेव्हा राघवेंद्र ठसका लागेपर्यंत हसला. "आई, ऐकलंत का? तामलवाडीचं खळं माझ्या प्रबंधात शिरलं!"

वनमालाबाई, तिच्या सासूबाई, भाकरी कुस्करत होत्या. त्या हसल्या नाहीत. "चालू दे की एक ओळ तशीच," त्या म्हणाल्या. "काय बिघडतं?"

"बिघडतं कसं नाही? नियम म्हणजे नियम. उद्यापासून पहिल्या ओळीलाही कवडी."

शामलाला त्या रात्री फार दिवसांनी गाढ झोप लागली. आपण मूर्ख आहोत हे कळल्यावर इतकं बरं वाटतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

४

दुसऱ्या दुपारी तिनं मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "एक." आणि पहिल्या ओळीसाठी कवडी टाकली.

तोंड वर. दोन दाणे.

तिनं ते पुढच्या फरशीवर शेजारी शेजारी ठेवले. हमरस्त्यावरून हैदराबादचा एक ट्रक घरघरत गेला, खिडकीचे गज थरथरले. चुलीवर दूध होतं. ती आत गेली, दूध उतरवलं, झाकलं, परत आली.

एक दाणा.

फुंकर बसली असेल. ट्रकच्या हादऱ्यानं घरंगळला असेल. तिनं गुडघ्यावर बसून आजूबाजूच्या फटी पाहिल्या. मग उरलेल्या एका दाण्यासाठी पुन्हा कवडी टाकली. तोंड वर. दोन. या खेपेला खडूनं दोघांभोवती कडं काढलं. पाण्याचा तांब्या आणायला वळली, आणि पाठीमागं अगदी बारीक आवाज आला.

कट्.

वळली. कडं जसंच्या तसं होतं. आत एकच दाणा.

उंदीर? उंदीर दोन्ही नेईल. एक ठेवून जाण्याइतका संयमी उंदीर तिनं पाहिला नव्हता. मुंग्या? मुंग्यांना आवाज नसतो. मग तिच्या मनात आलं ते इतकं ओशाळवाणं होतं, की ती मोरीवर जाऊन चूळ भरून आली आणि थुंकीत पीठ दिसतंय का ते बघितलं. डोहाळे लागलेल्या बायका माती खातात, चुलीतली राख खातात. ती स्वतःच दाणे खात असेल आणि तिला कळत नसेल, तर?

थुंकी स्वच्छ होती. याचं समाधान वाटावं की नाही, हे तिला ठरवता येईना.

पुढचे कितीतरी दिवस तसेच गेले. पहिल्या ओळीची कवडी कधीच तोंड खाली पडत नव्हती. एकदाही नाही. तीच कवडी दुसऱ्या ओळींना निम्म्या वेळा मारायची. पहिल्या ओळीला मात्र नेहमी दोन मिळायचे, आणि तिची पाठ वळली की दोनाचा एक व्हायचा.

म्हणजे ती ओळ एकटी नव्हतीच. प्रत्येक फरशीवर तिला फांदी फुटत होती. प्रत्येक फरशीवर ती कुणीतरी खात होतं.

५

"आई, मामंजींना भाऊ किती होते?"

वनमालाबाई परातीत तांदूळ निवडत होत्या. "भाऊ कुठले? एकटेच ते."

"आणि त्यांच्या वडिलांना?"

"तेही एकटे. आपल्या घरात एकाला एकच. आपला वंश अरुंद आहे गं, पण तुटलेला नाही." खडा सापडला, तो त्यांनी अंगणात भिरकावला. "किती मोठमोठी घराणी बुडाली या गावात. भरलेली घरं. आपलं चालतंय आपलं, एकावर एक."

"म्हणजे होत नव्हती दुसरी?"

"होत होती की. राहत नव्हती."

शामलानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. हा प्रश्न सुनेनं विचारायचा नसतो. "तुमची... कशानं गेली?"

"एकाला गोवर. एक झोपेत. एक पोटातच." सासूबाईंचा आवाज कोरडा होता, जुनी वाट चालणाऱ्या पायांसारखा. "वैद्य म्हणाले, आत जागा झाली नाही. मूल निघालं ते एवढंसं, चिपाडासारखं. कुणीतरी सगळा रस काढून घेतल्यासारखं."

"हे तेव्हा केवढे होते?"

"राघू? रांगता होता." त्यांची बोटं परातीत थांबली. "माझ्या पोटावर कान ठेवून पडायचा दिवसभर. मी म्हणायची, कित्ती माया धाकट्यावर! हलवला तर रडायचा." मग त्यांनी परात उचलली आणि आत जाता जाता, शामलाकडं न बघता म्हणाल्या, "तू त्या फरशीवर फार बसत जाऊ नकोस. गारवा लागतो."

६

त्या दुपारी शामलानं दोन दाणे मांडले, दत्तूला थोपटलं, त्याचा श्वास संथ झाल्याची खात्री केली आणि मागल्या दारानं बाहेर पडली. घराला वळसा घालून सोप्याच्या खिडकीखाली आली. अंगणात ऊन मी म्हणत होतं. आपण आपल्याच घरात चोरासारखं डोकावतोय, कुणी पाहिलं तर काय म्हणेल, या विचारानं तिला हसू फुटलं. मग तिनं गजांना तोंड लावलं आणि ते हसू तोंडावर तसंच राहिलं.

उन्हातून बघितल्यामुळं आधी काहीच दिसेना. मग फरशी दिसली. मग वाकळ.

दत्तूचे डोळे उघडे होते. आत्ता जागा झालेल्या मुलाचे नव्हते ते डोळे. वाट बघणाऱ्याचे होते.

तो पालथा झाला आणि रांगत निघाला. त्याच्या पायांत वाळे होते, घुंगरांचे. तो नुसता कुशीवर वळला तरी सासूबाईंना माजघरात कळायचं. आता तो सबंध सोपा ओलांडत होता आणि घुंगरू वाजत नव्हते. वाटेत दुसऱ्या ओळींचे दाणे होते. लहान मूल ते उधळल्याशिवाय राहतं? एकाही दाण्याला त्यानं धक्का लावला नाही. हात उचलून, जागा बघून टेकवत, तो पहिल्या ओळीशी आला.

दोन दाण्यांवर त्याचा हात थांबला. चिमुकली बोटं याच्यावर गेली, त्याच्यावर गेली. बाजारात वांगी निवडणाऱ्या बाईसारखी. मग तिनं शेवटी ठेवलेला, धाकटा दाणा त्यानं चिमटीत धरला आणि तोंडात टाकला.

कट्.

ती पुढच्या दारानं आत धावली तेव्हा तो वाकळेवर होता, डोळे मिटलेले, ओठांवर थोडं पांढरं पीठ. तिनं त्याला उचललं, तोंडात बोट घातलं. खाली पुढचे दोन दात होते, तांदळाच्या कण्यांसारखे. वर काहीच नाही. नुसती मऊ, ओली हिरडी. तिनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवलं. दाणा फोडायला खाली आणि वर दोन्ही लागतं.

दत्तूनं डोळे उघडले आणि आईला बघून हसला. गोड हसला. तो फार गोड मुलगा होता. शेजारपाजारचे सगळे तसंच म्हणायचे.

७

"अगं, मुलं तोंडात घालतातच!" राघवेंद्र म्हणाला. "मीही तसाच होतो. आईला विचार."

"दोनातला एकच खातो हो. पहिल्याच ओळीतला."

"दारापाशची ओळ त्याला जवळ पडते."

"नाही पडत. वाकळ खिडकीशी असते."

त्यानं खिडकीकडं पाहिलं. तिला वाटलं, आता याला भीती वाटेल. आता आपण दोघं मिळून घाबरू, आणि दोघांनी मिळून घाबरण्यात निदान सोबत असते. पण त्यानं वाटीतून दाणा उचलला, दाढेखाली धरला आणि त्याच्या डोळ्यांत ती ओळखीची चमक आली.

"शामला, खाणारा! मी खाणारा धरलाच नव्हता!" तो उठून येरझाऱ्या घालायला लागला. "सगळ्या ओळी नुसत्या नशिबावर सोडल्या की संपतात. पण समज, एका ओळीला खाणारा आहे. त्याला ती ओळ संपून चालणार नाही, नाहीतर तो उपाशी मरेल. तो दोन्ही कधीच खाणार नाही. एक खाईल, एक ठेवेल. उलट बाकी सगळ्या बुडाल्या तरी तीच तेवढी टिकेल. बघ ना, खाणाराच तिला जगवतो!"

कट्, दाणा फुटला.

"अहो, आणि खाणारा राहतो कुठं?"

"म्हणजे?"

"ओळ पुढच्या फरशीवर गेली, की त्याला तिथं जावं लागेल ना? मग तो कुठं राहतो?"

"सोपं आहे. जो दाणा ठेवतो त्याच्यातच..." बोलता बोलता तो थांबला. हातातल्या वाटीकडं त्यानं पाहिलं, ती खाली ठेवली आणि थोड्या वेळानं पुन्हा उचलली. "हे गणितात नाही येत," तो म्हणाला. "तू झोप आता. अशा दिवसांत काहीबाही सुचतं."

तिला झोप आली नाही. शेजारी बाप आणि लेक एका लयीत श्वास घेत होते. एकाचा श्वास संपला की दुसऱ्याचा सुरू व्हायचा, मधे फट म्हणून नव्हती. कूस बदलून ती भिंतीकडं तोंड करून निजली. पोट भिंतीकडं, पाठ त्यांच्याकडं.

८

तिनं माहेरी जायचं ठरवलं. सकाळची गाडी धरायची, तुळजापूरला बदलायची, दुपारी तामलवाडी. बाळंतपण होईपर्यंत तिथंच. आणि दत्तूला इथं ठेवायचं.

हे शेवटचं वाक्य मनात म्हणून बघतानाही तिला आपली किळस आली. रांगतं मूल टाकून जाणारी आई! बावीस वर्षांची शिकलेली बाई, आणि ज्वारीच्या दाण्यांवरून पोटच्या पोराला भिते. वेड लागलंय मला, ती स्वतःला म्हणाली. वेड लागलं असेल तर लेकराजवळ नसलेलीच बरी. आणि लागलं नसेल तरीही.

राघवेंद्रला तिनं सांगितलं, अशक्तपणा आहे, दोघं झेपत नाहीत. त्यानं मान हलवली; त्याचं निम्मं लक्ष प्राध्यापकांना काय कळवायचं यात होतं. पाठवणीला धुरपदाबाई आली होती, तिनं तर तोंडावरच विचारलं, "लेकरू ठिवून चाललाव? ह्यो कुटला रिवाज म्हनायचा?"

"वरच्या दुधावर आहे तो आता."

"दुधाचं कोन इचारतंय बाई."

वनमालाबाईंनी ओटी भरली, हळदकुंकू लावलं आणि शामलाला दाराआड जरा बाजूला घेतलं. त्यांचा हात थंड होता.

"मीही गेले होते," त्या हळूच म्हणाल्या.

"कुठं?"

"माहेरी. राघूला ठेवून. तुला काय वाटलं, तुलाच फक्त डोळे आहेत?"

शामला आणखी जवळ सरकली. "मग?"

"मग काय. पोरानं अन्न सोडलं, पाणी सोडलं. डोळे फिरवायला लागला. यांनी चार दिवस बघितलं आणि आणून सोडला माझ्याकडं. आईच होते मी. घेतला." त्यांनी शामलाच्या पदराची घडी सारखी केली, आपल्या लेकीची करावी तशी. "जा तू. बघ, तुला जमतंय का. मला जमलं नाही."

बाहेरून राघवेंद्रची हाक आली, गाडीची वेळ झाली. शामला ट्रंक उचलून सोप्यात आली. दत्तू समोरच्या भिंतीशी बसला होता. तिनं ठरवलं होतं, त्याच्याकडं बघायचं नाही. तिनं बघितलं.

त्यानं भिंतीला हात लावला आणि उभा राहिला. मग हात सोडला.

"अरे!" राघवेंद्र ओरडला. "शामला! आई! बघा, बघा, दत्तू चालतोय!"

धुरपदाबाईनं कडाकडा बोटं मोडली. दत्तू एक पाऊल पुढं आला. डुलला, सावरला. दुसरं पाऊल. पायांतले घुंगरू छुमछुम वाजत होते, सगळ्यांना ऐकू जातील असे. त्याचे दोन्ही हात पुढं होते आणि तो तिच्याकडं येत होता. तिच्या चेहऱ्याकडं नाही, जरा खाली बघत.

"हाक मार की गं त्याला!" राघवेंद्र हसत होता, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "पहिल्यांदा चालतोय तो! घे त्याला!"

वनमालाबाई दारात उभ्या होत्या.

शामलानं ट्रंक खाली ठेवली. एक पाऊल मागं घेतलं. मागं भिंत होती. दत्तूचा तोल गेला, तो पडणार, त्याचं डोकं फरशीवर आपटणार असं दिसलं, आणि विचार करायला वेळच राहिला नाही. तिनं गुडघे टेकून हात पुढं केले.

तो तिच्या मिठीत आला. त्यानं तिच्या कमरेला दोन्ही हातांनी घट्ट विळखा घातला आणि पोटावर गाल टेकवला.

तेव्हा आतलं मूल पहिल्यांदा हललं. पुढं नाही. मागं, तिच्या पाठीच्या कण्याकडं, जेवढं सरकता येईल तेवढं.